पडलेल्या आंब्याची पाचवी वाटेकरीण

आमचं धान होळीपर्यंत पुरायचं. गावाची शेती तलावाच्या पाण्यावर, आणि आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, सगळ्यांत शेवटी. पाणी तिथवर येईपर्यंत त्याचं मन बदललेलं असायचं. होळीनंतर मोहफूल, मोहानंतर तेंदूपत्ता आणि मग आंबा, असं झाडांनीच आम्हाला हातोहात पावसाळ्यापर्यंत पोचवायचं. मोह आणि तेंदू जंगलाचे. आंबा तेवढा घरचा. बाबा पहाटे तेंदूपत्त्याला निघून जायचे आणि माय डोक्यावर टोपला घेऊन मोहाडीच्या बाजाराला.

टोपला भरणं हे बाजाराला जाण्यापेक्षा अवघड काम होतं. माय एकेक आंबा हातात घेऊन अंगठ्यानं दाबायची, उजेडात फिरवायची, सालीवर सुईनं टोचल्यासारखा ठिपका दिसला की बाजूला टाकायची. बाजूचा ढीग टोपल्यापेक्षा मोठा व्हायचा. त्या ढिगातल्या आंब्यांचे चांगले भाग कापून आम्ही भावंडं खायचो. कॉलेजात जाईपर्यंत मी आख्खा आंबा पाहिला नव्हता असं म्हटलं तर वाढवून सांगणं होईल. खाल्ला नव्हता, हे मात्र खरं आहे.

एवढं करूनही टोपल्यात किडका आंबा जायचाच. एकदा एक बाई आठवड्यानंतर पिशवी घेऊन मायसमोर उभी राहिली.

"ओ बाई, तुमचे आंबे पायी चालते ना! सकाळी परडीत ठेवले, संध्याकाळी फरशीवर फिरून राहिले होते."

आजूबाजूचे हसले. मायनं गुपचूप दुसरे आंबे दिले. त्या दिवसापासून कुणी "कोन्या गावचा आंबा?" विचारलं की माय शेजारच्या गावाचं नाव सांगायची. त्या गावाच्या आंब्याची तालुक्यात जी बदनामी आहे तिची सुरुवात आमच्या घरून झाली, हे मी इथे कबूल करून टाकते.

आता आमराईबद्दल. तलावाच्या पाळीवर अकरा झाडं, सगळी गावरानी. आजोबा गेल्यावर ती चार भावांत वाटायची होती. माझे बाबा तिसरे. अकराला चारानं भाग जात नाही, हे चौघांनाही शाळेत न जाता समजलं. शिवाय झाडं सारखी नव्हती. शेंदऱ्याला रंग, साखऱ्याला गोडी, आणि खोबऱ्याला नुसती कोय. म्हणून पंचांनी झाडं न वाटता फांद्या वाटल्या. प्रत्येक झाडाची उगवतीकडची डांग सगळ्यांत मोठ्या भावाची, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची. तलावाकडची आमची. बाकीच्या दोन बाकीच्या दोघांच्या. फांद्यांवर चुन्याचे पट्टे ओढले. एकेका झाडाला चार मालक झाले, आणि झाडाला विचारायचं राहून गेलं.

राहता राहिला खाली पडलेला आंबा. तो कुणाच्या फांदीवरून पडला हे सांगणार कोण? पंचांनी निकाल दिला, "पडला आंबा कोनाचाच नाई." भांडण होऊ नये म्हणून दिलेला निकाल होता. त्यातून झालं एवढंच, की झाडाखाली वाकणं हाच गुन्हा ठरला. चपलेचा अंगठा तुटला तरी आमराईत खाली वाकायची सोय नव्हती. सगळ्यांत धाकटी काकी तलावावर धुणं धुताधुता पहारा द्यायची.

"का वं, का उचलून राहिली?"

"काटा रुतला काकी."

"काटा पिवळा असते का?"

मोठ्या बाबांची बकरी सावलीला आली तरी काकी विचारायची, ही कोणत्या हिश्श्यात चरते. मग बकऱ्याही आमराईत येईनाशा झाल्या. लहान पोरं चांगले आंबे पळवायची, पोरांना माफी होती. उरलेला मऊ पडलेला, ठिपक्यांचा माल झाडाखाली तसाच सडायचा. चार घरं एका फांदीसाठी एकमेकांशी बोलणं टाकायची आणि जमिनीवर आंब्यांचा सडा पडलेला असायचा.

अशा घरातून मी तुमसरच्या कॉलेजात गेले आणि बी.ए. झाले. आमच्या चार घरांत पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण न सांगता लोकांना कळेल असा माझा चेहरा नाही. गावाची पदवीबद्दल एक समजूत होती. ती एकदा मिळाली की माणसाला सगळंच येतं. लाईट गेली की मला बोलवायचे, बैल चारा खाईना झाला की मला बोलवायचे. मीही कधी 'मला येत नाही' म्हटलं नाही. पदवीचा मान राखायचा होता.

त्याच वर्षी बपेऱ्याकडून एक लाकूडवाला आला. त्यानं दोरीनं एकेका बुंध्याचा घेर मोजला, रंगानं आकडे टाकले, आणि कागदपत्रांचं मी पाहून घेतो म्हणाला. चार भावांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. झाडं तोडायची.

"किड्यायलेच पोसाचं हाये तं झाड कायले ठेवाचं?" बाबा म्हणाले.

माय त्या रात्री भाकरी वाढताना एवढंच बोलली, "एका साली खाऊन टाकान ते पैसे. मंग दुसऱ्या साली मी डोक्यावर का घेऊन जाऊ, तुमचा बुंधा?"

बाबा जेवत राहिले. मायचा बाजार म्हणजे त्या अकरा झाडांचा बाजार होता. झाडं गेली की तिच्याजवळ टोपला उरणार होता, रिकामा.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाबांच्या ओसरीवर गेले आणि म्हटलं, "एक हंगाम द्या. मी माशी बंद करते."

आंब्यात अळी पडते ती फळमाशीमुळे, हे मला माहीत होतं. त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. मोठ्या बाबांनी तंबाखू मळत मला खालून वर पाहिलं.

"बीए मंधी माशी होती का?"

"नाई. पन वाचता येते."

"आमच्या इथली माशी मध्यप्रदेशातून येते बाई. हद्दीवरून. तिले तू का वाचून दाखवशीन?"

ते हसले, पण मान हलवली. एक हंगाम मिळाला.

माझं नशीब, की हंगामाआधीच तालुक्याहून कृषी खात्याचे एक साहेब गावात शिबिर घ्यायला आले. बॅनर लागला, नारळ फुटला. साहेब चांगला माणूस होता आणि बोललाही बरोबर. फळमाशीची मादी पाडाला आलेल्या आंब्याला टोचून आत अंडी घालते. अळी आतून गर खाते, आंबा गळून पडतो, अळी त्यातून निघून मातीत शिरते आणि काही दिवसांनी माशी होऊन वर येते. यावर त्यांनी तीन उपाय सांगितले. सापळे टांगा. फळ झाडावर पिकून मऊ होऊ देऊ नका, वेळेवर उतरवा. आणि पडलेला प्रत्येक आंबा रोज उचलून खोल पुरा.

सापळा म्हणजे झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत वासाची वडी. त्या वासानं नर माशी आत येते आणि मरते. प्रत्येक घराला दोन-दोन डबे मिळाले. पहिला उपाय हातात मिळाला म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिला. दुसरे दोन नुसते ऐकायला मिळाले, ते तिथंच सांडले. माझ्याही लक्षात पहिलाच राहिला, बी.ए. असून. शेवटी डबे हातात धरून फोटो निघाला. त्यात माशी सोडून सगळे होते.

मग डबे टांगण्याचा कार्यक्रम. अकरा झाडं होती, पण तीन घरांचे डबे रस्त्याजवळच्या एकाच झाडावर लागले, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला ते तिथून दिसायचे. काकीनं एक डबा तिथे लावला आणि दुसरा घराच्या दाराला टांगला. आंब्यावर ठेवला तर चोरीला जाईल म्हणाली. मोठ्या बाबांनी तर लावायलाच नकार दिला.

"वासानं माशी येते मंते ना तो साहेब?"

"हो, मोठे बाबा."

"मंग मी माह्या फांदीवर पाहुने कायले बोलावू? तुह्या बापाच्या फांदीवर बोलाव."

आमच्या डब्यात माशा पडायला लागल्या आणि बाबांना काम मिळालं. रोज सकाळी ते डबा उघडून मेलेल्या माशा ओट्यावर ओतायचे. आठ दिवसांत चढाओढ लागली, कुणाच्या डब्यात जास्त. काकीचा डबा सगळ्यांच्या पुढे गेला. तिच्या मालात घरातल्या साध्या माशाही आहेत हे मी दाखवून दिलं तेव्हा ती म्हणाली, "मेली ते माशीच ना? मंग जातपात कायले पाहून राहिली?"

सगळे खूश होते. फक्त आंबा कापला की आत अळी होतीच. डब्यात मरत होते ते नर. थोडे नर मेले म्हणून माद्यांची लग्नं अडत नाहीत. नवऱ्यांचा तुटवडा या जगात कधी पडलेला नाही.

तेव्हा मी डब्यासोबत आलेला साहेबांचा कागद पुन्हा वाचला आणि तिसऱ्या उपायावर बोट ठेवलं. पडलेले आंबे उचलायचे. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी टोपला घेऊन मी आमराईत गेले आणि चारही हिश्श्यांतला पडलेला माल उचलू लागले. तिसरा टोपला भरताना काकी तलावावर आली.

"बाप्पा! बीए झाली अन् पडीच्या आंब्यावर आली!"

"किडके आहेत काकी. फेकायला नेते."

"फेकाले मंते. कोनी फेकाले पहाटे उठते का?"

दुपारपर्यंत गावात बातमी होती की शिकलेली पोरगी चोरून आंबे विकायला लागली. मी मान खाली घातली नाही. मी रोज गेले. आणि इथे मी ती चूक केली जी आमच्याच लोकांनी करावी.

कागदावर लिहिलं होतं, खोल पुरा. आमच्याकडे घरातून निघालेली कोणतीही गोष्ट, राख, शेण, टरफल, उष्टं, शेणखताच्या खड्ड्यातच जाते. उकिरड्याला न देता काही मातीत गाडणं म्हणजे आमच्यात उधळपट्टी. धानाला खत कुठून यायचं? मी मनाशी म्हटलं, खोल पुरायचं ते ज्यांच्याकडे उकिरडा नाही त्यांच्यासाठी लिहिलं असेल. आमराईच्या खालच्या कडेलाच आमचा खड्डा होता. बारा दिवस मी टोपल्यामागून टोपले त्यात रिकामे केले, वर शेणाचा हात फिरवला, आणि कर्तव्य केल्याच्या ऐटीत घरी येऊन चहा प्यायले.

त्यानंतर माशा वाढल्या. थोड्याथोडक्या नाहीत, डबे गळ्यापर्यंत भरायला लागले. बाबा आनंदात होते. त्यांनी काकीला मागे टाकलं होतं. पण साखऱ्याचा आंबा, जो आमच्याकडे सगळ्यांत उशिरा पिकतो आणि ज्यावर मायचा खरा बाजार असतो, त्यात दोनात एक किडका निघाला. माय मोहाडीहून भरलेला टोपला परत घेऊन आली. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि पाय धुवायला गेली.

मी काठी घेऊन उकिरडा उकरला. शेणात गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी दाणे होते, मूठभर, पसाभर. मला आधी वाटलं कुणाचं बी सांडलं. मग शंका आली. मायची लोणच्याची काचेची बरणी घेतली, तळाशी ओली माती घातली, वर चार मऊ आंबे ठेवले आणि तोंडाला फडकं बांधलं. अळ्या निघाल्या, मातीत गेल्या, तिथे तसलेच दाणे झाले, आणि आठवडा उलटून दोन दिवस जातात न जातात तोच बरणीत पिवळ्या पट्ट्यांच्या माशा उडायला लागल्या.

म्हणजे मी, चार घरांतली पहिली पदवीधर, रोज पहाटे उठून आमराईतल्या एकूण एक अळीला गोळा करून ऊबदार, ओल्या, मऊ जागी बाळंतपणाला नेऊन ठेवत होते. वर शेणाचं पांघरूणही घालत होते. माशांना एवढी माहेरवाशिणीसारखी वागणूक कुणी दिली नसेल.

लपवता आलं असतं. पण हंगाम सरत आला होता आणि लाकूडवाला आठ दिवसांत येणार होता. मी बरणी पदराखाली न घेता हातात धरून मोठ्या बाबांच्या ओसरीवर नेली. चारही भाऊ बसले होते, दारात काकी आणि दाराआड माय. मी सगळं सांगितलं, उकिरड्यासकट.

मोठ्या बाबांनी बरणी डोळ्याजवळ धरली. "हे यातूनच निघाले?"

"हो."

"फडकं सोडलं नोतं ना?"

"नाई."

"मंजे मध्यप्रदेशातून नाई येत." त्यांनी बरणी अलगद खाली ठेवली. इतकी वर्षं त्या राज्याला बोल लावला होता, त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

"झाडाखालचे सगळे आंबे रोज उचलून दूर खड्ड्यात, दोन हात खोल पुरले तर हे थांबते," मी म्हटलं. "पन सगळ्याइनं उचलाचे. एका घरानं नाई होत."

"पडला आंबा कोनाचाच नाई," बाबांचे धाकटे भाऊ म्हणाले. "पंचायचा शब्द हाये."

"अन् जे उचलन ते चांगले चांगले पदरात टाकन," काकी म्हणाली. "मले शिकवू नोका."

झालं, परत तिथंच. आता उठतील असं वाटलं. तेवढ्यात दाराआडून माय बोलली. आमच्याकडे बाई भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावांसमोर, बोलत नाही. लग्न झाल्यापासून मोठ्या बाबांनी मायचा आवाज ऐकला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून मला उद्देशून बोलली, म्हणजे रीतही मोडली नाही.

"सांग वं त्याइले. पडला आंबा कोनाचा नाई असं नाई. तो माशीचा हाये. भाऊ भाऊ फांदी-फांदी मोजते, अन् खालचा समदा माल तिच्या हवाली करते. चार वाटेकरी कमी पडले का, का पाचवी बसवली?"

मोठ्या बाबांनी तंबाखू थुंकली.

"आमच्या बापाच्या झाडात? पाचवी वाटेकरीन?"

त्यांचा आवाज एवढा चढला की बरणीतल्या माशाही दचकल्या असतील. मला तेव्हा समजलं, की अंडी-अळी-माशीचं चक्र मी वर्षभर समजावलं असतं तरी उपयोग नव्हता. वाटणी मात्र आमच्या रक्तात आहे. सख्ख्या भावाला पान न देणारी माणसं माशीला फळ कशी देतील?

त्याच बैठकीत मी वहीच्या कागदावर नियम लिहिले. एका घरानं एका दिवशी उचलायचं, पाळीपाळीनं. बाकीच्या तीन घरांनी हजर राहून पाहायचं. खड्डा आमराईपासून दूर, दोन हात खोल, वरून माती दाबून. चांगला दिसला तरी पडलेला आंबा खड्ड्यातच. उकिरडा उलथून त्यावर काळं प्लास्टिक टाकून उन्हात तापू द्यायचा. हे शेवटचं काम मी एकटीनं केलं, कारण ते पाप माझं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमराईत सकाळी जत्रा भरायला लागली. उचलणारा एक, आणि त्यानं आंबा कमरेला खोचला का हे पाहणारे नऊ. काकी तर खड्ड्यात टाकलेले आंबे मोजायची. कुणाचा कुणावर विश्वास नव्हता, म्हणून सगळं काम चोख झालं.

लाकूडवाला दोरी घेऊन आला तेव्हा मोठे बाबा खड्ड्यावर माती ओढत होते.

"पुढच्या साली ये गा. आमचं भांडन चालू हाये."

"कोनाशी?"

"माशीशी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खोरं मागितलं.

पावसाळ्याआधी झाडांखालची माती आम्ही वरवर खणून उन्हात उघडी केली. पुढच्या हंगामात फळ पाडाला यायच्या आधीच डबे लागले, या वेळी आमराईभर विखरून, आणि वासाची वडी वेळेवर बदलली. काकीनं दारावरचा डबाही आणून दिला. मोठ्या बाबांनी आपल्या फांदीवर स्वतः चढून टांगला आणि खाली उतरून म्हणाले, "पाहुने येऊ दे आता." साखऱ्या झाडावर पिकायची वाट न पाहता जाळीच्या काठीनं उतरवला आणि घरी तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, पिकवला. रोजच्या उचलण्यात एका दिवसाचाही खंड पडला नाही. एकदा बाबांना ताप होता, तर आमची पाळी चुकेल म्हणून काकीच सकाळी दारात येऊन ओरडली, "उठा जी, ते पाचवी वाट पाहून राहिली!"

मायनं मोहाडीच्या बाजारात एक नवी पद्धत सुरू केली. गिऱ्हाइकासमोर सुरी घ्यायची, टोपल्यातला त्यानं दाखवलेला आंबा कापायचा आणि पुढे धरायचा. पहिल्या बाजारी कापलेली फोड ती आधी स्वतः पाहायची आणि मगच पुढे धरायची, मी शेजारी बसले होते म्हणून मला दिसलं. तिसऱ्या बाजारी ती गिऱ्हाइकाच्या हातात सुरी देऊन म्हणाली, "तुम्हीच कापा ना, माह्यावर काहून भरोसा ठेवता?"

सगळे आंबे चांगले निघाले असं मी म्हणणार नाही. गावाच्या टोकाकडच्या शेंदऱ्यात अजून अधूनमधून अळी निघते, कारण पलीकडची आमराई दुसऱ्या गावाची आहे आणि तिथे भाऊ सहा आहेत. पण मायच्या टोपल्यातून त्या हंगामात एकही आंबा परत आला नाही. हंगाम संपल्यावर तिघा भावांनी एका कागदावर सह्या केल्या, मोठ्या बाबांनी अंगठा लावला, आणि लाकूडवाल्याला नाही म्हणून कळवलं. अकराही झाडं उभी आहेत.